आत्यानं थांबवलेल्या गाड्या

रस्त्यानं जाणारं प्रत्येक वाहन आपल्यालाच न्यायला निघालेलं आहे, फक्त ते चालवणाऱ्याच्या अजून लक्षात आलेलं नाही, अशी माझ्या आत्याची जन्मापासूनची खात्री आहे. तिचं घर जाफराबादला आणि शेत गावापासून चांगलं लांब, त्यामुळे रोज कुठं ना कुठं जाणं आलंच. पण एसटीची वाट बघत स्टँडवर उभी राहिलेली आत्या मी कधी पाहिलेली नाही. "स्टँडवर थांबावं त ज्याला कोणी वळखत न्हाई त्यानं," असं तिचं म्हणणं. ती पिशवी घेऊन घरातून निघायची, वळणावर जाऊन उभी राहायची आणि समोरून काही आलं की हात पुढं करायची. हात वर नाही, आडवा. तळवा जमिनीकडे करून ती हवा हलकेच खाली दाबायची, उधळू बघणाऱ्या गोऱ्ह्याला शांत करावं तशी. आणि काय असेल ते असो, वाहनं शांत व्हायची. ट्रॅक्टर थांबायचे, दुधाचे टेम्पो थांबायचे, कापूस घेऊन जिनिंगला निघालेला छोटा हत्ती टेम्पो थांबायचा. एकदा ती चक्क दवाखान्याच्या गाडीतून जालन्याला गेली. आम्ही हादरलोच. "अगं, आत पेशंट असंल ना!" असं आई म्हणाली, तर आत्या म्हणे, "होता की. त्याला आधी झोप येत न्हवती. बोलत बोलत गेलो, बिलकुल शांत झोपला."

तिच्या या स्वभावामुळं ती कुठं पोचेल याचा भरवसा नसायचा. जालन्याला डोळे तपासायला म्हणून निघालेली आत्या एकदा वऱ्हाडाच्या जीपमध्ये बसली. जीप नवरदेवाकडची, परतूरला चाललेली. वऱ्हाडातल्या प्रत्येकाला वाटलं, ही दुसऱ्या कुणाची तरी पाहुणी असेल. जालना आलं, पण तोवर नवरदेवाची चुलती मानपानावरून रुसल्याची हकिकत अर्धीच सांगून झाली होती, आणि अर्धी हकिकत सोडून उतरणं आत्याच्या स्वभावात नाही. ती परतूरला गेली. तिनं चुलतीची समजूत काढली, नवरीच्या आईला पाठीशी घालून वऱ्हाडाला दोन गोष्टी सुनावल्या, पंगतीत वरण कमी पडतंय हे सगळ्यांच्या आधी ओळखलं, आणि दुसऱ्या दिवशी आहेराची साडी नेसूनच घरी आली. "वळख न्हवती त मंग आहेर काहून केला असता त्यांनी?" हा तिचा बिनतोड सवाल. डोळे तपासायचे राहिले ते राहिलेच.

गाडी कुठलीही असो, बसायचं पुढं. काळीपिवळी जीपमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी आधीच तिघं कोंबलेले असले तरी ते आपोआप आकसायचे आणि आत्या स्थानापन्न व्हायची. मग ती पिशवीतून मोसंबी काढायची, सोलून एकेक फोड ड्रायव्हरच्या हातात द्यायची आणि त्याची चौकशी सुरू करायची: जेवला का, झोपला का, बायको माहेराहून आली का. आमच्या भागातल्या कितीतरी ड्रायव्हरांची घरची भांडणं आत्यानं चालत्या गाडीत मिटवली आहेत. भाडं द्यायच्या वेळी ती पदराची गाठ सोडायला लागली की ड्रायव्हरच शरमायचा. पण ती भाडं द्यायचीच, वर मोसंबी द्यायची आणि "सावकाश जाय रे" असं बजावून उतरायची.

स्वतःची गाडी असणं मात्र तिला मान्य नव्हतं. माझ्या वडिलांनी नवी कोरी मोटार घेतली तेव्हा कौतुकानं पहिली चक्कर बहिणीला मारून आणली. काचा वर, आत गारवा, मंद आवाजात भजनं. आत्या सगळा वेळ गप्प. उतरल्यावर म्हणाली, "दादा, तुही गाडी चांगली हाये. पण तिच्यात कोणी भेटतच न्हाई." वडील महिनाभर ते वाक्य मनाला लावून घेऊन फिरत होते.

हे सगळं मला आठवायला लागलं ते आयर्लंडला गेल्यावर. लग्नानंतर नवऱ्याला तिथल्या एका लहान गावाजवळच्या कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही तिकडं राहायला गेलो. गाव सुंदर. दगडी कुंपणं, हिरवी कुरणं, मेंढ्या आणि सतत भुरभुरणारा पाऊस. कारखाना सायकलवर जाण्याएवढा जवळ, आणि बाकी सगळं लांब. दुकान लांब, डॉक्टर शेजारच्या गावात, बस यायची ती लहर लागल्यासारखी. आमच्या गल्लीत प्रत्येक दारात गाडी होती; माणसं दारातून गाडीत आणि गाडीतून दारात जायची, त्यामुळं आख्खी माणसं दिसायचीच नाहीत. समोरच्या घरात एक आजी राहायच्या. त्यांची लाल गाडी मला पाठ झाली होती, पण त्यांचा आवाज मी ऐकलेला नव्हता.

गाडी घ्यावी की न घ्यावी हा प्रश्न आमच्या घरात तिसऱ्या माणसासारखा राहायला आला होता. सकाळी चहाला तो असायचा, जेवायला असायचा. नवऱ्याच्या ऑफिसातला एक जण आपली राखाडी गाडी विकणार होता आणि "विचार करून सांगा" म्हणून थांबला होता. नवरा विचार करायचा, म्हणजे भरपूर करायचा. तो परतूरचा. बाजाराच्या दिवशी धान्याच्या पोत्यांतून, हातगाड्यांतून आणि म्हशींतून एका हातानं मोटरसायकल काढणारा हा माणूस. आयर्लंडला नव्यानं लायसन काढताना मात्र रिकाम्या रस्त्यावर गोंधळून जायचा. तिथले ते गोल चौक! एकदा आत शिरला की बाहेर पडायचा रस्ता त्याला पटायचाच नाही. परीक्षा घेणारा माणूस शेजारी बसलेला आणि हा आपला प्रदक्षिणा घालतोय. पहिल्यांदा नापास झाला, पण दुसऱ्यांदा लायसन मिळालं. तरी गाडीचं ठरेना, कारण ठरू न देणारी मी होते. मी म्हणायचे, अजून थोडं थांबू. बसनं जमतंय की. खरं कारण मी त्याला सांगत नव्हते. गाडी घेतली म्हणजे आपण इथं राहायचं नक्की केलं, असं मला वाटायचं. गाडी नाही तोवर आपण पाहुणे. पाहुण्यांना कधीही उठून जाता येतं.

त्यातच लेक झाली. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं, ती येऊ शकत नव्हती. फोनवर आई रडायला लागली तशी मागून आत्याचा आवाज आला, "रडतीस काहून? मी जाते ना." जणू आयर्लंड म्हणजे शेजारच्या टेंभुर्णीच्या पुढचा फाटा. आणि ती खरंच आली. विमानात तिनं पुढची जागा मागितली होती, ती मिळाली नाही याचा राग पुढं कितीतरी दिवस होता. "इतकी मोठी गाडी हाकून राह्यला बिचारा. त्याच्याशी बोलायला कोणी नको?"

आल्यावर दोन दिवस तिनं लेकीला न्हाऊमाखू घातलं, मला खसखशीची खीर आणि बाजरीचं खायला घातलं आणि खिडकीतून रस्ता बघितला. तिसऱ्या दिवशी विचारलं, "इतक्या गाड्या दारात, अन् तू दुकानाला पायी जातीस?"

"आत्या, त्या दुसऱ्यांच्या आहेत."

"मला काय, दिसून राह्यलं न्हाई का ते?" ती म्हणाली आणि पायात बूट चढवायला लागली.

मी लेकीला घेऊन दारापर्यंत पोचेपर्यंत आत्या रस्त्यात उभी होती. नऊवारीवर माझा रेनकोट, हातात पिशवी. समोरच्या आजींची लाल गाडी नुकतीच बाहेर पडत होती. आत्यानं तळवा आडवा करून हवा खाली दाबली. गाडी थांबली. आजींनी घाबरून काच खाली केली. त्यांना वाटलं, बाळाला काहीतरी झालं. आत्यानं दार उघडलं, पुढं बसली आणि अस्सल जाफराबादी हिंदीत म्हणाली, "मार्केट. जल्दी नहीं, आराम से." गाडी गेली. मी दारात तशीच उभी.

संध्याकाळी नवऱ्याला कळलं तेव्हा तो डोकं धरून बसला. "आत्या, इथं असं चालत नाही हो."

"चालत न्हाई म्हणूनच त गाडीत बसले, जावईबापू."

"तसं नाही. लोक काय म्हणतील?"

"काय म्हणतील ते मला कळणार हाये का?" आत्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. समोरच्या आजी. हातात बाळाला गाडीत बसवायची एक जुनी खुर्ची, माळ्यावरून काढून पुसून आणलेली. नातवाची होती, म्हणाल्या. बाळाला हिच्याशिवाय गाडीत नेता येत नाही, आणि तुम्हालाही यायचं असेल ना आमच्याबरोबर? मी त्यांना आत बसवलं, चहा केला. काल काय झालं त्याची माफी मागायला लागले, तर त्यांनी मला थांबवलं. त्यांच्या शेजारची ती सीट, त्यांनी सांगितलं, नवरा गेल्यापासून रिकामीच होती. सामानसुद्धा त्या मागं ठेवायच्या. "तुझी आत्या तिथं बसली तेव्हा मी ओरडणारच होते," त्या म्हणाल्या. "पण तेवढ्यात तिनं संत्रं सोललं आणि एक फोड माझ्या हातात दिली. आता हातात फोड घेऊन माणूस ओरडणार कसा?" आत्या शेगडीसमोर उभी राहून भाकरी भाजत होती. "काय म्हणती गं ती?" तिनं विचारलं. मी सांगितलं. आत्या भाकरी उलटायची थांबली. "मला वाटलंच," म्हणाली. "त्या सीटचा पट्टा कितीतरी दिवसांत कोणी वढला न्हवता. लय घट्ट झाल्ता."

त्यानंतर आमच्या गल्लीचं जे झालं ते मी अजून आठवून हसते. पाववाल्याची गाडी, टपालवाल्याची गाडी, कुरणावरच्या शेतकऱ्याची मागं ट्रॉली जोडलेली जीप, सगळ्या आत्याच्या झाल्या. त्या शेतकऱ्याबरोबर ती एकदा त्याच्या मेंढ्या बघून आली आणि बटाट्यांची पिशवी घेऊन परतली. त्या दोघांना एकमेकांचं एक अक्षर कळत नव्हतं, तरी त्याची सून शहरात राहते आणि सणाला येत नाही ही बातमी आत्यानं बरोबर आणली. मी लेकीला खुर्चीत बांधून तिच्याबरोबर जायला लागले. सुरुवातीला लाजत, नंतर सवयीनं. वर्षभरात ज्यांचे चेहरे मला दिसले नव्हते ते लोक मला नावानं हाक मारायला लागले. नवरा म्हणायचा, "आता गाडी कशाला घ्यायची? गावभर आपल्याच आहेत." आत्याला हे फार आवडायचं.

मग तो दिवस आला. सकाळपासून लेकीचं अंग तापलं होतं. दुपारी ती दूध घेईना, रडणंही बारीक झालं. डॉक्टरांकडं फोन केला तर म्हणाले, लगेच घेऊन या. नवऱ्याचा फोन कारखान्यात बंद. समोरच्या आजी मुलीकडं गेलेल्या. गावातला एकुलता एक टॅक्सीवाला विमानतळावर. बस नुकतीच गेली होती. आमच्या गल्लीत त्या वेळी चिटपाखरू नव्हतं, म्हणून लेकीला खुर्चीसकट उचलून आम्ही मोठ्या रस्त्यावर आलो.

पाऊस होता. आत्यानं हात आडवा केला. एक गाडी गेली. दुसरी गेली. त्या रस्त्यावरची माणसं आमच्या गावची नव्हती. कुठून तरी कुठं तरी जाणारी, भरधाव. एका माणसानं आत्याचा हात पाहिला, हसला आणि स्वतःचा हात हलवून निघून गेला. त्याला वाटलं, ही म्हातारी नमस्कार करतेय. आत्या तळवा आणखी खाली दाबत होती. तिचा पदर भिजून अंगाला चिकटला होता. एक गाडी हळू झाली, आतल्या बाईनं आमच्याकडं पाहिलं, आणि गाडी पुन्हा वेगात गेली. मग आत्यानं हात खाली घेतला आणि दोन्ही हात जोडले. गाड्यांना. मी तिला कुणापुढं हात जोडताना पाहिलं होतं ते फक्त देवापुढं.

थांबली ती शेवटी ट्रॉलीवाली जीप. त्या शेतकऱ्यानं लांबूनच आत्याला ओळखलं होतं. त्यानं काही विचारलं नाही. लेकीची खुर्ची स्वतःच्या हातानं मागच्या सीटवर बांधली, आम्हाला बसवलं आणि ट्रॉलीतल्या मेंढ्यांसकट डॉक्टरांच्या दारात नेऊन सोडलं. आत्या पुढं बसली होती, पण वाटेत एक शब्द बोलली नाही. लेकीचा कान सुजला होता. औषध मिळालं, संध्याकाळी ताप उतरायला लागला, ती दूध पिऊन झोपली. आम्ही परत यायला निघालो तर तो शेतकरी पावसात मेंढ्यांजवळ उभा होता. गेलाच नव्हता.

त्या संध्याकाळी आत्या जेवली नाही. नवरा घरी आला, सगळं ऐकलं, लेकीला छातीशी घेऊन बसला. आत्या त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"जावईबापू, गाडी घ्या."

"पण आत्या, तुम्हीच तर..."

"मी सांगत होते ते माह्या गावचं. तिथं थांबणारा मला वळखतो, न्हाई त माह्या बापाला वळखत व्हता. इथं माह्या हाताला कोण वळखते? चार माणसं वळखतात, पण ती चार दर वेळी घरी असतील का?" तिनं त्याच्या छातीवरच्या लेकीकडं बघितलं. "लेकरू हाये घरात. असं रस्त्यावर उभं राहू न्हाई लेकराला घेऊन."

नंतर मी भांडी आवरत होते तेव्हा ती माझ्याजवळ आली. हळू आवाजात म्हणाली, "गाडी घेतली म्हणजे गाव सुटलं, असंच हाये ना तुह्या मनात?"

मी हातातलं ताट खाली ठेवलं. हे मी नवऱ्याला सांगितलं नव्हतं, आईला नव्हतं, कुणालाच नव्हतं.

"मला कोणी सांगितलं न्हाई," ती म्हणाली. "गावाकडून आणलेली एक पेटी तू अजून उघडली न्हाईस, ती दिसून राह्यली मला. उघड ती. तू इथं राह्यली म्हणून आमची न्हाईस असं थोडीच हाये? मी त दोन विमानं थांबवून आले, तुला एक येता येणार न्हाई?"

ती विमानं तिनं थांबवली नव्हती, पण तिला मात्र तसंच वाटत होतं. मी हसले आणि मग रडले. पेटी त्याच आठवड्यात उघडली. आत लोकरीच्या कपड्यांवर आईनं दिलेली हळद सांडून सगळं पिवळं झालं होतं.

राखाडी गाडी आली. आत्यानं सुपरमार्केटातून सोललेला नारळ आणला, दारात फोडला, बॉनेटवर कुंकू लावलं. समोरच्या आजींनी मोठ्या आदरानं कपाळ पुढं केलं, त्यांनाही लावलं. गाडी मी शिकायची असं ठरलं. तिथं शिकणाऱ्याच्या शेजारी लायसनवाला माणूस बसावा लागतो; नवरा दिवसभर कामावर, म्हणून आजी स्वतःहून बसल्या. आणि आत्याला, जन्मात पहिल्यांदा, मागं बसावं लागलं. तो अपमान तिनं गिळला, पण मुकाट्यानं नाही. शेजारून इंग्रजी आणि मागून मराठी अशा दोन्ही भाषांतून एकाच वेळी मला हुकूम यायचे. आजी म्हणायच्या थांब, आत्या म्हणायची चाल; आजी म्हणायच्या आरशात बघ, आत्या म्हणायची आरशात काय बघती, समोर बघ. गोल चौकात मात्र दोघी श्वास रोखून गप्प बसायच्या, आणि मी सुखरूप बाहेर पडले की दोघी एकदम टाळ्या वाजवायच्या. मी पास झाले याचं श्रेय कुणाचं यावर त्यांचा वाद अजून मिटलेला नाही. आता तो फोनवर चालतो आणि दोन्हीकडचं भाषांतर मला करावं लागतं.

आत्या जाफराबादला परत गेली. आम्ही तिथंच राहिलो. लेक शाळेत जायला लागली, घर आमचं झालं, गाव आमचं झालं. आज त्या गावात मला हक्कानं चहा पाजणारी जितकी दारं आहेत, त्यांतलं पहिलं आत्यानं उघडलं, हे मी कधी तिला नीट सांगितलं नाही. सांगायला गेलं की ती म्हणते, "मी काय केलं? मी त गाडीत बसले."

गेल्या हिवाळ्यात घरी गेलो होतो. आत्या वाळली आहे. पाय फार दुखतात, ती आता रस्त्यापर्यंत जात नाही. शेत बघायचं म्हणाली, म्हणून जालन्याहून भाड्यानं घेतलेली गाडी मी तिच्या दारात लावली आणि तिला धरून पुढं बसवलं. नवरा आणि लेक मागं बसले. शेतात ती बांधावर बसून कापूस बघत राहिली, कुणीतरी दिलेले हरभऱ्याचे टहाळे खाल्ले, माझ्या लेकीला सोलून दिले. परतताना बोलत होती. कुणाचं लग्न ठरलं, कुणाची सून नांदत नाही. बोलता बोलता आवाज बारीक झाला. मी पाहिलं तर मान माझ्या बाजूला कलली होती, तोंड थोडं उघडं, ओच्यात टहाळ्यांची टरफलं. झोपली होती. उतरतं ऊन तिच्या चेहऱ्यावर आणि गाडीत हरभऱ्याचा वास. मी वेग कमी केला. खड्डे बघून बघून, बाजूनं गाडी घेतली. तिची गल्ली आली आणि मी वळले नाही, तशीच सरळ जालन्याच्या रस्त्याला लागले.

"घर मागं राहिलं," नवरा मागून हळूच म्हणाला.

"राहू दे," मी म्हटलं. "आत्ताच डोळा लागलाय तिचा."